कीवर्ड आर्ग्युमेंटचं नाव जुळतंय, तरी टाइपएरर का?

प्रश्न: पायथन ३ मधल्या एका फंक्शनला ‘कर्मचाऱ्याचे_नाव’ आणि ‘वय’ असे दोन पॅरामीटर आहेत. नावं लिहून थेट कॉल केला की चालतं. जेसॉन फाइलमधून वाचलेली डिक्शनरी (नाव आणि मूल्य अशा जोड्या) ‘**ओळ’ अशी उलगडून दिली की पहिल्या नावावर ‘अनपेक्षित कीवर्ड आर्ग्युमेंट’ म्हणून टाइपएरर येतो. ‘वय’ची तक्रार नाही. दोन्ही नावं प्रिंट केली, डोळ्यांना फरक दिसत नाही. फाइलमध्ये ‘फ्रॉम’ (from) नावाचीही की (key, म्हणजे जोडीतलं नाव) आहे, तिचं काय करायचं?

उत्तर १: गोम ‘ऱ’मध्ये आहे. दोन्ही नावांची लेन() म्हणजे लांबी काढा, बहुधा एकाचा फरक येईल. ‘ऱ’ एकसंध (युनिकोड क्रमांक यू+०९३१) लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असा जोडूनही. कोडमधली नावं पार्सर (कोड वाचणारा पायथनचा भाग) एनएफकेसीने (अक्षरं एकसारखी करायची युनिकोडची एक पद्धत) एकसारखी करतो, त्यामुळे तिथे कसंही टाइप करा, एकसंधच होतो. डिक्शनरीतल्या की मात्र साध्या स्ट्रिंग. त्यांना कोणी हात लावत नाही.  ‘**ओळ’ करण्याआधी प्रत्येक की युनिकोडडेटा.नॉर्मलाइज()मधून एनएफकेसी करून घ्या. ‘एकसंध तेच बरोबर’ असं मात्र समजू नका: नुक्त्याचा क़ किंवा फ़ असेल तर एनएफकेसी उलट त्याची फोड करतं.

उत्तर २: तेवढ्याने भागेलच असं नाही. जुन्या मजकुरात हाच ‘ऱ्य’ र, हलंत, शून्य-रुंदी जोडक (यू+२००डी), य असा असतो. हा जोडक कोडमधल्या नावात आला तर सरळ सिंटॅक्सएरर. स्ट्रिंगमध्ये तो गुपचूप बसून राहतो आणि एनएफकेसीही त्याला काढत नाही. नुसता जोडक उडवलात तर रफार होऊन ‘र्य’ उरेल. म्हणून र+हलंत+जोडक या तिकडीच्या जागी ऱ+हलंत घाला.

उत्तर ३: ‘फ्रॉम’ राखीव शब्द आहे, पॅरामीटरचं नाव होऊ शकत नाही. पेप ८ (पायथनची लेखनशैली) प्रमाणे शेवटी अंडरस्कोर लावा आणि की त्या नावाकडे वळवा. फंक्शनने ‘**इतर’ (उरलेल्या सगळ्या की) घेतलं तर की ‘फ्रॉम’ असली तरी चालते, अगदी हायफनवालीसुद्धा. ती स्ट्रिंग असली की झालं. ‘असिंक’ ३.७ मध्ये राखीव झाला तेव्हा त्या नावाचे पॅरामीटर असलेला कोड असाच मोडला होता. जी नावं बाहेरून वापरू द्यायची नाहीत, पॅरामीटरच्या यादीत त्यांच्यानंतर ‘/’ टाका (३.८ पासून).

उत्तर १: एक राहिलं. नॉर्मलाइज केल्यावर दोन की एकच झाल्या तर शेवटची टिकते, पहिली एररशिवाय जाते. आधी आणि नंतर डिक्शनरीची लेन() तपासा.