कोल्हापुरात घरून ११ लाख की हिंजवडीत १३?

पंचगंगाकाठ: सॉफ्टवेअर, अनुभव दोन वर्षं. दोन ऑफर आहेत: ११ लाख सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च), पूर्ण घरून, म्हणजे कोल्हापुरातच, किंवा १३ लाख, हिंजवडी, आठवड्यात तीन दिवस ऑफिस. पुण्यात खोलीचा वाटा १२,०००, डबा ५,०००, जाणं-येणं २,०००. वरचे दोन लाख खरे किती? आणि चार माणसांत बसण्याची किंमत पैशांत लावता येते का?

ताळेबंद: बेसिक पगार सीटीसीच्या निम्मा, पीएफ पूर्ण बेसिकवर, ग्रॅच्युइटी सीटीसीतच, असं धरतो. १३ लाखांतून कंपनीचा पीएफ ७८,०००, ग्रॅच्युइटी ३१,२६५, तुमचा पीएफ ७८,०००, व्यवसाय कर २,५०० वजा. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट घेतली की उत्पन्न १२ लाखांच्या आत, आयकर शून्य. हातात महिना सुमारे ९२,५००. अकरा लाखांचे ७८,२५०. फरक १४,२५०, पुण्याचा खर्च १९,०००. कोल्हापूर ४,७५० ने पुढे. पण पुण्यात पीएफमध्ये दोन्ही बाजू मिळून महिना २,००० जास्त पडतात, म्हणून निव्वळ २,७५०. १३ मध्ये व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर हे गणित मोडलं.

आकडेमोड: म्हणजे सोबतीची किंमत महिना २,७५०. चीनमधल्या सीट्रिपच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग झाला होता, आठवड्यात चार दिवस घरून. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले, पण तेवढ्याच कामगिरीला बढती मात्र कमी मिळाली. पुढे त्याच कंपनीत १,६१२ जणांवर दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिस करून पाहिलं: सोडणारे एक तृतीयांशाने घटले, बढतीत फरक नाही. फोन मोजता येतात हो. सिनियरच्या शेजारी बसून कोड वाचायला शिकलेलं मोजणार कसं?

कँटीनची_रांग: शेजारी सिनियर असेल तर! आधी एचआरला विचारा: मॅनेजर कुठल्या शहरात, टीमचे तीन दिवस एकच की ज्याचे त्याचे. टीम बंगळूरुत असेल तर हिंजवडीत हेडफोन लावून तीच मीटिंग करायची, वर ट्रॅफिक.

दुसरं, पुढची नोकरी पुष्कळदा जुजबी ओळखीतून येते. १९७० च्या सुमारास समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये तपासलं: ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांची ती ओळख वरचेवर भेटणारी होती. घरून टीमशी नातं टिकतं. दुसऱ्या टीममधल्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसाशी ते जुळतच नाही.

पंचगंगाकाठ: विचारलं. मॅनेजर पुण्यातच, मंगळ-बुध-गुरू सगळी टीम येते. अकरावाल्यांच्या पत्रात मात्र कामाचं ठिकाण बंगळूरु लिहिलंय.

ताळेबंद: मग तेच आधी बदलून घ्या. उद्या बोलावलं तर बंगळूरुचं भाडं ७८,२५० मधूनच जाईल. लेखी देत नसतील तर हिंजवडी घ्या.