जपानला कार्ड नेताना

'जपानच्या प्रवासात एका कार्डावर भागेल का?' असं बरेच जण विचारतात. टोकियोच्या मोठ्या दुकानांत भागतं. पण गल्लीतलं रामेनचं दुकान, देवळातली दानपेटी, स्टेशनवरचं सुइका (रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) रिचार्जचं यंत्र, इथे बहुधा रोख येनच लागतात. आमचं डेबिट कार्ड दोन बँकांच्या एटीएमनी परत केलं, सेव्हन-इलेव्हनमधल्या यंत्राने मात्र मुकाट्याने पैसे दिले.

खरी मेख वेगळीच आहे. एटीएम किंवा दुकानातलं कार्डयंत्र विचारतं, 'रुपये की येन?' आकडा ओळखीचा वाटतो म्हणून हात रुपयांकडे जातो. येनच निवडा! रुपयांच्या दरात समोरच्याचा नफा आधीच धरलेला असतो. येन निवडल्यावर आपल्या बँकेचं मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचं जादा शुल्क, बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत असतं, शिवाय त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. तरी सहसा येनच स्वस्त पडतात.

आणि निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरापुरतं सुरू होऊन येतं. आमच्या ह्यांना हे क्योटोत, हॉटेलच्या काउंटरवर कळलं. शेवटी माझ्या कार्डावर निभावलं.