घाटात दम सोडणारी पद्मिनी: एसी पंप नवा, तरीही पेट्रोल कमी पडते

प्रश्न:
माझ्याकडे १९९४ची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. सपाट रस्त्यावर ती उत्तम चालते. मात्र खंबाटकी घाट चढताना चार-पाच मिनिटांत मिसिंग मारू लागते (इंजिन अडखळते), मग बंद पडते आणि दहा मिनिटे थांबल्यावर काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. एसी पंप (इंजिनावर चालणारा पेट्रोलचा यांत्रिक पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) नवा बसवला, कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ केले, ठिणगीसाठीची इग्निशन कॉइल बदलली. आता गॅरेजवाले इलेक्ट्रिक पंप सुचवत आहेत. तो बसवावा का?

उत्तर १:
इतक्यात नको. इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसवला, तर त्याचा दाब कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) लागणाऱ्या तीन-चार पीएसआयच्या (दाबाचे एकक) कितीतरी पट असतो. कार्ब्युरेटरमधला फ्लोट (तरंगता भाग) वर येऊनही पेट्रोलची वाट बंद करणारी नीडल तो दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडून इंजिनाच्या गरम मॅनिफोल्डवर (नळ्यांच्या जोडावर) सांडते. आधी पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दाब मोजणारा गेज लावावा. तरी केवळ आयडलवरच्या (गाडी उभी असून इंजिन मंद चालू असतानाच्या) आकड्यावर विसंबू नये, कारण तेव्हा पेट्रोलचा खप नगण्य असल्याने अशक्त पुरवठाही धडधाकट दिसतो. इंजिन थंड असताना इग्निशन तोडावे, कार्ब्युरेटरकडची नळी काढून तिचे टोक बाटलीतल्या पेट्रोलमध्ये बुडवावे आणि सेल्फ (स्टार्टर) मारावा. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येत राहिले, तर पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे.

उत्तर २:
दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी सुरू होते, एवढ्यावरून निदान होत नाही. पंपात पेट्रोलची वाफ धरली असो, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असो किंवा नळीत हवा शिरत असो, तिन्ही वेळा लक्षण हेच दिसू शकते. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर दोष छिद्राचा. पंपावर ओले फडके ठेवल्याबरोबर गाडी सावरली, तर उष्णतेचा. माझ्या गाडीत टाकीजवळच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती, पण बाहेर थेंबही दिसत नव्हता, कारण ती बाजू ओढीची आहे, म्हणजे तिथून पंप पेट्रोल खेचतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते, म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात. आणखी एक: पंप बदलताना इंजिनाचा ब्लॉक आणि पंप यांच्यामधला बेकेलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) जाड तुकडा परत बसवला होता का? तो नसेल, तर ब्लॉकची धग थेट पंपात जाते आणि पंपाच्या लिव्हरची चालही बदलते.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. झाकणाचा आवाज आला नाही, पण बाटलीत बुडबुड्यांची माळच दिसली. पंपाकडे येणारी नळी लाकडासारखी कडक झाली होती आणि वाकवताच क्लिपखाली तडकली. बेकेलाइटचा तुकडाही नव्हता. त्याच्या जागी कागदी गॅस्केट तेवढे होते. तुकडा जुन्या पंपालाच चिकटलेला सापडला. नळी बदलून तुकडा बसवला आणि रविवारी भर दुपारी घाट चढलो. गाडी एकदाही अडखळली नाही. बुडबुडे थांबले आहेत का, हे बाटली लावून पुन्हा पाहायचे राहिले आहे. इलेक्ट्रिक पंपाचा विषय मात्र बंद केला.