सोरायसिसचं औषध कोणी ठरवायचं, डॉक्टरनी की पेशंटनी?

ऐरोलीकर:
भावाला सोरायसिस आहे, कातडीवर खवल्यांचे चट्टे येतात, आधी कोपर-गुडघे होते आता पाठभर पसरलाय. स्किनच्या डॉक्टर मॅडमनी तीन पर्याय सांगितले, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, लाइट थेरपी (मशीनमध्ये कातडीवर अतिनील किरण घ्यायचे) नाहीतर बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा ठराविक भाग दाबणारी), आणि म्हणाल्या घरी बोला, काय झेपेल ते सांगा मग ठरवू. आई भडकलीय, मग फी कशाची घेतात? मला उलट पटलं. आजार मुळापासून जाणारा नाही, निभवायचा त्यालाच आहे.

घोडबंदरचा मन्या:
आईचं बरोबर आहे. गोळीने लिव्हरला काय होतं ते पेशंटला काय डोंबल कळणार? उद्या काही झालं की तुम्हीच निवडलं होतं म्हणायला हे मोकळे.

नेरूळची शुभा:
लिव्हर डॉक्टरच बघणार ना, रक्ताच्या टेस्ट त्यासाठीच असतात. पण माणूस दर शनिवारी 'बसतो' का, मूल कधी हवंय, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? दोन्हीने मेथोट्रेक्सेटचा निर्णय फिरतो. लाइट थेरपीला आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, तेही काही महिने, आत उभं राहायचं काही मिनिटं आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये किती ते तूच सांग 😄

घोडबंदरचा मन्या:
ट्रॅफिकचं मान्य. पण आमच्या मेव्हण्याला असंच मोकळं सोडलेलं, त्याने व्हॉट्सॅपवर काहीतरी वाचून गोळ्या नाकारल्या आणि मेडिकलमधून क्लोबेटासोल या कडक स्टिरॉइड मलमाची ट्यूब आणून स्वतःच फासत बसला, बंद केल्यावर दुप्पट उसळलं. ही तुमची निवड!

कळव्याची काकी:
अरे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, त्याला निवड नाही म्हणत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून कागदावर लिहून घ्यावा. बायोलॉजिकच्या आधी टीबीची टेस्ट, लपलेला टीबी त्याने डोकं वर काढू शकतो. आणि ऐरोलीकर, सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो, भावाचे सांधे कसे आहेत? सकाळी बोटं आखडत असतील तर पर्याय सारखे राहत नाहीत, लाइटने कातडी सुधारेल, सांधे नाही.

ऐरोलीकर:
आखडतात! आम्ही कीबोर्डवर ढकलत होतो, मॅडमना बोललोच नाही. शनिवारी जातोय, आधी हेच सांगतो.

घोडबंदरचा मन्या:
म्हणजे बघा, सांध्यांचं त्यांनी आधी विचारायला हवं होतं, पर्याय नंतर. आणि जाताय तर थेट विचारा, तुमच्या घरचा पेशंट असता तर काय दिलं असतं?