मदत हवी आहे: सॉ मिलच्या बँडसॉला ब्रेक कुठे आणि कसा बसवावा?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

ओंडके चिरायच्या उभ्या बँडसॉला (दोन चाकांवर फिरणारी दातेरी पट्टी) ब्रेक बसवायचा आहे. स्टॉपचं बटण दाबल्यावर चाकं तीन-साडेतीन मिनिटं फिरत राहतात. पट्टीचा आवाज विरतो, पण दाते तसेच पळत असतात. लांबून पाहणाऱ्याला यंत्र थांबल्यासारखं वाटतं आणि माणूस भुसा काढायला हात घालतो. भीती याच क्षणाची आहे. दुसरी वाईट सवय म्हणजे चाक लवकर थांबावं म्हणून त्याच्या कडेला लाकडाचा ठोकळा दाबून धरणं. ती कायमची बंद करायची आहे.

यंत्राचा तपशील असा:

चाकं ९०० मिमी व्यासाची, बिडाची, प्रत्येकी साधारण १६० किलो. खालचं चाक मोटरवर, वरचं मोकळं, ताणाच्या स्लाइडवर.
मोटर ११ किलोवॅट (१५ एचपी), १४४० फेरे, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेजवर घेणारा). तीन व्ही-बेल्टवरून चाकाला ६०० फेरे.
पट्टी १०० मिमी रुंद, ०.९ मिमी जाड.

मोटर बदलून ब्रेकवाली मोटर घ्यावी, डीसी इंजेक्शन (मोटरच्या वाइंडिंगला डीसी देऊन ती रोखणं) बसवावं, की चाकाच्या शाफ्टवर ड्रम? आणि किती सेकंदांत थांबवलं तर पट्टी उतरणार नाही?

शाफ्टवाला

आधी हिशोब करू, म्हणजे निम्मे पर्याय आपोआप गळतील.

९०० मिमीचं चाक ६०० फेऱ्यांवर म्हणजे पट्टीचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर. बिडाच्या चाकाचं बहुतेक वजन कडेला असतं, त्यामुळे ३२० किलोपैकी २२५ किलो कडेवरच आहे असं धरायला हरकत नाही. त्यात साठलेली ऊर्जा होते ९० किलोज्यूल. मोटरच्या रोटरमध्ये एवढ्या वेगाला जेमतेम पाऊण किलोज्यूल असते, शंभरात एक भागसुद्धा नाही.

म्हणजे थांबवायची आहेत ती चाकं, मोटर नाही. ब्रेकवाली मोटर घेतली तर हा सगळा जोर बेल्टमधून उलटा जाणार. तुमची मोटर पूर्ण भारावर चाकाच्या शाफ्टला साधारण १७५ न्यूटन-मीटर देते. १० सेकंदांत थांबायला २८५ लागतात. बेल्ट घसरतील, तापतील, चकाकी येऊन कडक होतील. बेल्टला सोसेल इतकंच दाबायचं म्हटलं तर १६ सेकंदांच्या खाली जाता येत नाही. आणि बेल्ट तुटला की ब्रेक मोटरवर आणि चाकं मोकळी. बेल्टच्या सैल बाजूला स्प्रिंगचा आयडलर (बेल्ट ताणणारी मोकळी पुली) असेल तर ब्रेक लागताना तीच बाजू ताणली जाते आणि आयडलर उडतो, हेही लक्षात असू द्या.

माझा कौल सरळ आहे: ब्रेक चाकाच्या शाफ्टवर, स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा. वीज गेली की आपोआप लागला पाहिजे.

वायरिंग

डीसी इंजेक्शन एकदम बाद करू नका. रोजच्या थांबण्याला ते चांगलं आहे, कारण झिजण्यासारखं काही नसतं. पण स्टार-डेल्टावर ते करताना हमखास चुका होतात.

१. स्टॉप दाबल्यावर मेन, स्टार, डेल्टा तिन्ही कॉन्टॅक्टर (विजेने ओढले जाणारे स्विच) सुटतात आणि मोटरची सहा टोकं मोकळी राहतात. तेव्हा डीसी देताना स्टार कॉन्टॅक्टर पुन्हा ओढून घ्यावा लागतो. नाहीतर प्रवाहाला वाटच नसते.

२. मेन सुटल्यावर लगेच डीसी देऊ नका. वाइंडिंगमध्ये उरलेला व्होल्टेज रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणाऱ्याचे) डायोड उडवतो. टायमरने अर्धा ते एक सेकंद थांबा.

३. ब्रेकचा कॉन्टॅक्टर आणि मेन कॉन्टॅक्टर एकमेकांच्या बंद संपर्कातून अडकवा, म्हणजे एक ओढलेला असताना दुसरा ओढला जाणार नाही. शिवाय यांत्रिक इंटरलॉकही लावा. दोन्ही एकदम बसले तर एसी थेट रेक्टिफायरवर.

४. प्रवाह फेजच्या रेटेड प्रवाहाच्या दुपटीपासून सुरू करा. तुमच्या मोटरला फेजमध्ये अंदाजे १२ अँपिअर असतील, म्हणजे २४-२५ अँपिअर डीसी. दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. तो २ ओहम आला तर ५० व्होल्ट डीसी पुरतो.

डीसी ब्रेकचा स्वभाव उलटा आहे. वेग जास्त असताना तो कमी ओढतो आणि चाक थांबत आलं की सगळ्यात जास्त. त्यामुळे झटका बसतो तो शेवटच्या एक-दोन सेकंदांत. वेळ कमी करायला प्रवाह वाढवत गेलात तर पट्टी सरकते ती तिथेच.

९० किलोज्यूल उष्णता दर थांब्याला रोटरमध्ये जाते, म्हणजे दर वेळी त्याचं तापमान साधारण १० अंशांनी वाढतं. तासाला सहा-सातपेक्षा जास्त थांबे नकोत. वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा) असेल तर उत्तम.

मोटर उलटी फिरवून थांबवण्याचा विचारही करू नका. झीरो-स्पीड स्विच (मोटर थांबताच वीज तोडणारा) एकदा चिकटला की पट्टी उलटी पळणार.

धागाकर्ता

खूप उपयोगी. दोन शंका. वीज गेली तर डीसी कसं चालणार? आणि इमर्जन्सी बटण दाबल्यावर सगळा कंट्रोल सप्लाय तुटतो, मग ब्रेकला वीज कुठून येणार?

वायरिंग

वीज गेली तर चालत नाही. म्हणूनच एकट्या डीसीवर विसंबायचं नाही. दुसरी शंकाही रास्त आहे. कंट्रोल सप्लाय तोडणारं इमर्जन्सी बटण असलं की साधा स्टॉप काही सेकंदांत थांबवतो आणि जीव वाचवायचं लाल बटण मात्र यंत्र तीन मिनिटं मोकळं फिरू देतं. पॅनल उघडून तपासावं असं पहिलं काम हेच.

तुमच्या बाबतीत वाटणी अशी करा: साधा स्टॉप म्हणजे डीसी. इमर्जन्सी, वीज जाणं, दार उघडणं म्हणजे फक्त स्प्रिंगचा ब्रेक. दोन्ही एकदम लागू देऊ नका, कारण जोर बेरजेने वाढतो.

शाफ्टवाला

ड्रमचं माप देतो. ३०० मिमी ड्रम, बाहेरून समोरासमोर दोन शू (ड्रमवर दाबले जाणारे ठोकळे), थ्रस्टरने (छोट्या मोटरने तेलाचा दाब देऊन दांडा उचलणारा) सुटणारा. २८५ न्यूटन-मीटरसाठी ड्रमच्या कडेला १९०० न्यूटन लागतात. लायनरचं (शूवरच्या घर्षणाच्या थराचं) घर्षण ०.३५ धरलं तर प्रत्येक शूवर सुमारे २७०० न्यूटनचा दाब. स्प्रिंग त्याच्या दीडपट घ्या आणि नटाने सैल करून लावा, म्हणजे लायनर झिजल्यावर आवळायला जागा राहते. १५ किलोच्या बिडाच्या ड्रमचं तापमान एका थांब्यात १२ अंशांच्या आसपास वाढतं. काळजीचं कारण नाही.

बँड ब्रेक, म्हणजे ड्रमला गुंडाळलेला पट्टा, स्वस्त वाटतो पण नको. तो स्वतःलाच ओढून घेतो आणि एकदम पकडतो. शिवाय शाफ्टला एका बाजूला खेचून बेअरिंगवर भार टाकतो. दोन शू समोरासमोर असले की तो भार आपसांत कटतो.

ड्रम बेअरिंग आणि पुलीच्या मधे, चावीवर (शाफ्टच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी). तिथे जागा नसेल तर पुलीच्याच बाजूला डिस्क बोल्टने जोडून कॅलिपर (डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) लावा. ती पुली चाकाच्या शाफ्टवर आहे, त्यामुळे बेल्ट तुटला तरी ब्रेक शाबूत राहतो. पट्टी चालते त्या कडेवर मात्र काहीही घासू नका. कड तापून तिचा उठाव बिघडला की पट्टी जागेवर राहत नाही. ठोकळ्यानेही हेच होतं, आणि ठोकळा निसटला तर हात पट्टीवर.

थ्रस्टरचा सप्लाय मोटरच्या टोकांवरून घेऊ नका. क्रेनवर तसं करतात, पण इथे डीसी देताना तेच डीसी थ्रस्टरच्या मोटरला जाईल. त्याला वेगळा कॉन्टॅक्टर द्या आणि साध्या स्टॉपला चाक थांबेपर्यंत तो ओढलेला राहू द्या. ब्रेक सुटल्याचा लिमिट स्विच स्टार्टच्या सर्किटमध्ये हवाच, नाहीतर ब्रेक लागलेला असतानाच मोटर सुरू होईल आणि लायनर जळेल. भुशाच्या ढिगाशेजारी जळणारा लायनर म्हणजे आगच. ड्रमवर पत्र्याचं झाकण हवं, खालून उघडं, म्हणजे भुसा साठणार नाही.

पट्टीकाम

पट्टीच्या बाजूने थोडं. चिरताना खालचं चाक पट्टीला ओढतं, त्यामुळे पुढची, म्हणजे लाकडाकडची बाजू ताठ असते. खालच्या चाकाला ब्रेक लागला की वरचं चाक आपल्या वेगाने पट्टी खाली ढकलत राहतं. पुढची बाजू सैल पडते आणि मागची ताणते. एकदम थांबवल्यावर पट्टी पुढे सरकते ती यामुळे.

किती सैल? १० सेकंदांत थांबवलं तर दोन बाजूंच्या ताणात फरक ३१५ न्यूटनच्या आसपास. पूर्ण भारावर चिरताना ११ किलोवॅटला हाच फरक ३९० होतो. म्हणजे पट्टी रोज याहून जास्त सोसते, १० सेकंदांना घाबरायचं कारण नाही. एका सेकंदात थांबवायला गेलात तर फरक ३००० च्या वर जातो, आणि राळ, पाणी, डिझेल लागलेल्या पट्टीची पकड तिथे सुटते. म्हणून १० ते १२ सेकंद. थ्रस्टर घेताना शू हळू बसवणारा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या.

चाचणी अशी करा. स्प्रिंग सैल ठेवून ३० सेकंदांपासून सुरुवात. मेन स्विचला कुलूप लावून वरच्या चाकाच्या कडेवर, पट्टीच्या पाठीला लागून, मार्करने बारीक रेघ ओढा. थांबवा, पुन्हा कुलूप लावा, ब्रेक हाताने सोडून चाक हाताने एक फेरा फिरवून पट्टी रेघेपासून किती सरकली ते पाहा. १ मिमीच्या आत असेल तर २०, मग १५, मग १२ वर या. २ मिमीच्या पुढे गेली तर स्प्रिंग आवळणं थांबवा. आधी पट्टीचा ताण, चाकाचा कल आणि स्क्रेपर (चाक खरवडून साफ ठेवणारं पातं) तपासा. स्क्रेपर नीट नसला की चाकावर राळेचा थर चढतो आणि दोष ब्रेकला जातो.

ओंडक्यात असताना पट्टी थांबली तर ट्रॉली मागे ओढू नका. पट्टी चाकांवरून पुढे येते. चिरेत पाचर मारून फट उघडा आणि मगच ओंडका सावकाश मागे घ्या.

धागाकर्ता

आणि पट्टी तुटली तर? वरच्या चाकाला ब्रेकच नाही.

पट्टीकाम

बरोबर, ते मोकळं फिरत राहतं. तरीही खालचं चाक लवकर थांबणं महत्त्वाचं, कारण तुटलेलं टोक तेच ओढून गुंडाळत असतं. दोन्ही चाकांच्या आऱ्यांसमोर एकेक प्रॉक्सिमिटी सेन्सर (न शिवता धातू ओळखणारा) लावा. दोन्हीकडचे ठोके थांबल्याशिवाय दाराचं कुलूप सुटता कामा नये. सेन्सरची तार तुटली तरी ठोके थांबतातच, म्हणून शेवटच्या ठोक्यानंतर टायमरचा उशीर ठेवा. तो वरच्या चाकाच्या मोकळ्या फिरण्यापेक्षा जास्त हवा, चार मिनिटं तरी. दोन्ही चाकांच्या वेगात फरक दिसला की रिलेने इमर्जन्सी लावता येते.

धागाकर्ता

ड्रम शाफ्टवर, रोजचा स्टॉप डीसीने, इमर्जन्सीला थ्रस्टर, असं ठरवतो. खालचं चाक टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या भागावर) चावीने बसवलेलं आहे आणि बाहेरून एकच मोठा नट आहे. त्याचं काही करावं लागेल का?

शाफ्टवाला

बरं झालं विचारलंत, हे राहूनच गेलं होतं. नटाचे आटे अशा दिशेचे असतात की चाक सुरू होताना नट आवळला जावा. ब्रेक लागताना जोर उलटा येतो आणि तोच नट सुटू पाहतो. जीभ वाकवायचा लॉक वॉशर घाला, किंवा शाफ्टच्या तोंडावर प्लेट ठेवून तीन बोल्ट मारा. टेपरवर निळा रंग लावून चाक किती टेकतं ते बघा. पाऊण भागापेक्षा कमी रंग उमटला तर आधी टेपर घासून घ्या, कारण ढिल्या टेपरवर दर थांब्याला चावी हलते आणि तिची खाच रुंदावत जाते. ब्रेक सुरू केल्यावर पहिल्या दहा थांब्यांनंतर मेन स्विचला कुलूप लावून नट पुन्हा आवळा. नटावर आणि शाफ्टवर मिळून एक सरळ रेघ ओढून ठेवा. ती मोडलेली दिसली की यंत्र सुरू करायचं नाही.