थंडीत कुत्रीला घेऊन दोन दिवसांची गडभटकंती : नाशिकजवळ कुठे जावं? (मदत हवी आहे)

इंदिरानगरकरीण :

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी पाठीवर सॅक टाकून बाहेर पडायचा विचार आहे. मी, धाकटा भाऊ आणि आमची कुत्री तर्री. तर्री गावठी आहे, रंगाने लालभडक म्हणून हे नाव. वय 3 वर्षं, वजन 18 किलो, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं. चामरलेणीची टेकडी ती माझ्या आधी चढते, रामशेजलाही दोरीवर शिस्तीत चालली. माकड दिसलं की मात्र सगळी शिस्त गुंडाळून ठेवते. रात्रीचा मुक्काम तिच्यासोबत कधी केलेला नाही, म्हणून हा धागा.

जिथे जायचं नाही ते आधी सांगते, म्हणजे तेच पर्याय परत यायला नकोत. हरिहर नको. उभ्या कातळातल्या पायऱ्या, खोबण्यांत बोटं रुतवून चढायचं, तिथे चार पायांचं जनावर काय करणार? कुत्र्याला पाठीला बांधून चढणारे व्हिडिओ पाहिलेत, मला ते बघवतही नाहीत. कळसूबाईला शिड्या आहेत, शिवाय तो सगळा परिसर अभयारण्यात येतो, म्हणून रतनगड आणि हरिश्चंद्रगडही बाद. अंजनेरी गिधाडांसाठी राखीव, तिथे कुत्रं नेणं मलाच पटत नाही. ब्रह्मगिरीवर यात्रेकरूंची गर्दी आणि माकडं. राहता राहिले धोडप आणि पट्टा हे दोन किल्ले.

भावाचं मत धोडप. शनिवारी दुपारी वडाळीभोईवरून हट्टी गाठायचं, संध्याकाळपर्यंत सोनारवाडीच्या पठारावर तंबू टाकायचा, रविवारी पहाटे माथा. (तंबू नवा आहे. खरं कारण तेच आहे.)

आता प्रश्न. तर्रीचे केस आखूड आहेत. निफाडचा पारा पाचाच्या खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, मग उघड्या पठारावर ती काकडणार नाही का? तिला तंबूत आत घ्यायचं की बाहेर दाराशी बांधायचं? पाणी किती धरायचं? तिच्या पाठीवर तिची छोटी सॅक दिली तर चालेल का? आणि आई सकाळ-संध्याकाळ एकच विचारते आहे, बिबट्याचं काय? आम्ही तिला "गडावर कुठला बिबट्या" म्हणून गप्प केलंय, पण खरं काय ते इथे कळलं तर बरं.

गडवाटी :

धोडप सुंदर आहे, पण कुत्र्यासाठी पट्टा बरा. धोडपचा वरचा टप्पा कातळातला, आणि माथ्याच्या भिंतीला जी प्रसिद्ध खाच आहे तिथे फोटोच्या नादात माणसंही कडेला जातात. माकडामागे धावणारी कुत्री तिथे मी तरी नेणार नाही. पट्ट्याची चढण अंगावर येत नाही, वाट मळलेली, वर लांबरुंद सपाटी. सिन्नर-ठाणगाववरून पट्टावाडीपर्यंत गाडी जाते. जालन्याच्या मोहिमेनंतर 1679 साली महाराजांनी इथे विश्रांती घेतली म्हणून हाच विश्रामगड. अंबरखान्याची (धान्यकोठाराची) इमारत, गुहांची रांग, देवीचं मंदिर, बघायलाही भरपूर आहे. वारा मात्र जबर. आजूबाजूला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

थंडीची काळजी कराच, पण दुपार विसरू नका. रात्री आठ-दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, हे आपल्याकडच्या जानेवारीत नेहमीचं आहे. अकरानंतर सपाटीवर सावली नसते. कुत्र्याला घाम फुटून अंग गार होत नाही, ते फक्त धापा टाकतं. चढाई दहाच्या आत संपवा.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. कुसळं. पावसाळ्यात जे हिरवंगार दिसतं ते गवत जानेवारीत वाळून कुसळांचं रान होतं. तुमच्या मोज्यांत अडकतात तीच. एक कुसळ हातात घेऊन नीट बघा : टोकाला सुईसारखं बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि पाठीमागे पिळाची शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो आणि बी फिरत फिरत पुढे सरकतं. केस उलटे असल्यामुळे ते मागे येत नाही, आतच जातं. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत, डोळ्याच्या कोपऱ्यात शिरलं की दोन दिवसांनी तिथे गाठ येते आणि पू होतो. दर थांब्यावर तिला आडवी पाडून चारही पंजांची बोटं फाकवून बघा, कान उलटे करून बघा. बोथट टोकाचा चिमटा खिशातच ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

पंचवटीकर_67 :

कुत्र्याला गडावर नेऊन काय साधणार? घरी शेजाऱ्यांकडे ठेवा, निवांत जा.

गडवाटी :

काका, शेजारी तयार असते तर हा धागाच निघाला नसता.

ऊसवाला_सिन्नर :

ताई, तुमच्या आईंचं बरोबर आहे. त्यांना गप्प करू नका.

मी शेती करतो, आमच्या शिवारात बिबट्या ही बातमी राहिलेली नाही. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचे दिवस. वर्षभर ज्या उसात मादी पिल्लं घेऊन दडलेली असते ते फड एकेक करून मोकळे होतात, आणि जनावर जागा शोधत फिरतं. तुम्ही म्हणता गडावर कुठला बिबट्या. नाशिक शहरात गंगापूर रोडला आणि सिडकोत येऊन गेला, तो पट्ट्याच्या डोंगराला काय घाबरेल?

आणि तो तुमच्यासाठी येणार नाही, तर्रीसाठी येईल. पट्ट्याला लागूनच अकोले तालुका. तिथे बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता. वजनाच्या हिशेबात 87 टक्के खाणं गावातल्या, पाळीव जनावरांचं निघालं आणि एकूण खाण्यातली 39 टक्के एकटी कुत्री. शेळ्यासुद्धा त्याच्या खूप खाली. म्हणजे कुत्रं हे त्याचं रोजचं जेवण आहे. ते तुम्ही दोरीने बांधून पठारावर ठेवणार आणि वर कापडाचा तंबू.

बाहेर बांधण्याचा विचार तर डोक्यातूनच काढा. मोकळं कुत्रं पळू तरी शकतं. आत घेतलीत तरी रात्री वास आला की ती भुंकणार, आणि तिचा आवाज डोंगरभर जाणार. मग तंबूचं कापड आणि चेन यांच्या भरवशावर तुम्ही तिघं.

रात्री मुक्काम गावात करा. ओसरी नको, पडवी नको. कडी लागणारं दार असलेली खोली बघा. ओसरीवरून कुत्री उचलून नेल्याच्या गोष्टी आमच्याकडे प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळतील. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत गावात, सकाळी चांगलं उजाडल्याशिवाय वाटेला लागायचं नाही. रात्री तिला शी-शूला न्यायचं झालं तर दोघांनी मिळून, मोठी बॅटरी घेऊन, दारापासून दहा पावलांत. गावात पोचल्यावर पहिला प्रश्न राहायचं कुठे हा नाही, "एवढ्यात कुठे दिसला का" हा विचारा. दिसला असेल तर गाडी वळवा. वनखात्याचा टोल फ्री नंबर 1926, मोबाईलमध्ये घालून ठेवा.

जनावरांची_डॉक्टर :

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. आता माझ्या हद्दीतलं.

नाशिकची दोन नावाजलेली पिकं, द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विष. द्राक्षांनी आणि मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून "दोनच दिले" असं करू नका. भटकंतीला निघताना आपण सगळेच सुकामेव्याची पुडी घेतो, त्यातले मनुके आणि बेदाणे या खेपेला घरीच ठेवा. वाटेत बागेच्या कडेला थांबलात तर गळलेले मणी ती हुंगेल, शिवाय तिथे फवारणीही असते. कांदा कच्चा असो की शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे गावात मिळणारं पिठलं, कांद्याची भाजी, रश्श्यात बुडवलेली भाकरी, सगळं बंद. यजमान मावशी प्रेमाने घालतीलच, त्यांना आधीच सांगा. कोरडी भाकरी, साधा भात, उकडलेलं अंडं चालेल. बाकी तिचं रोजचं खाणं न्या आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त न्या. नवीन खाद्य सहलीला सुरू करू नका.

पाणी : घरी बसून किलोमागे साधारण 50 ते 60 मिली, म्हणजे तिला दिवसाला एक लिटर. चढाईच्या दिवशी दोन धरा. गडावरची टाकी असली तरी तिचं पाणी वेगळं न्या. टाक्यात तोंड घालू देऊ नका, ते पाणी माणसं पितात.

सॅक द्यायची तर वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे पावणेदोन किलो, आणि दोन्ही बाजूंना सारखं. सवय नसेल तर रिकामी सॅक घालून आतापासून फिरवा. नाहीतर राहू द्या, भावाकडे द्या.

रेबीजची आणि इतर लसी तारखेत आहेत ना, वहीत बघा. गावातल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि पार्वो हे जीवघेणे आजार येतात. गोचिडाचं औषध निघायच्या काही दिवस आधी द्या. तापाचा जंतू गोचिडातूनच शिरतो आणि त्रास आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतो, तेव्हा सहल कुणाला आठवत नाही. परत आल्यावर महिनाभर खाणं कमी झालं, सुस्त वाटली, हिरड्या फिकट दिसल्या तर रक्त तपासून घ्या. आणि लंगडली म्हणून क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, आपली दुखण्याची औषधं त्यांना मारक ठरतात.

थंडीचं सोपं आहे. थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. जाड चटई, वर दुमडलेली घोंगडी, त्यावर ती. ओली असेल तर झोपायच्या आधी पोट आणि पंजे कोरडे करा.

इंदिरानगरकरीण :

सगळ्यांचे खूप आभार. ऊसवाले दादा, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. तिने पहिला अर्धा भाग ऐकून सहलच रद्द केली होती, दुसऱ्या अर्ध्यावर परत मान्य केली.

धोडप रद्द, पट्टा नक्की. शनिवारी दुपारी पट्टावाडी, मुक्काम खाली खोलीत, रविवारी उजाडल्यावर वर आणि अकराच्या आत परतीला. दोन शंका उरल्यात. एक, मेंढपाळांच्या कुत्र्यांना घालतात तसा खिळ्यांचा पट्टा घेतला तर रात्री काही उपयोग? आणि दोन, देवीच्या मंदिरापाशी कुत्री आणलेली चालते का? कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत.

भावाचा चेहरा तंबूमुळे उतरलाय, ते वेगळं.

ऊसवाला_सिन्नर :

खिळ्यांच्या पट्ट्याने गळा वाचेल एखादवेळेस. जनावर मागून धरून ओढणार असेल तर काय करणार? मेंढपाळाच्या वाड्यावर चार कुत्री आणि चार माणसं जागी असतात, तिथे पट्ट्याची थोडीफार मदत होते. तुमच्याकडे बंद दार आहे, ते पुरे. घातलात तर खोलीत तुमच्याच मांडीला टोचेल.

तंबूची हौस असेल तर खोलीत लावा.

गडवाटी :

मंदिराला आळीपाळीने जा. एकजण कुत्रीला घेऊन लांब, सावलीत. सभामंडपात आणि टाक्यांच्या पायऱ्यांवर नेऊ नका. कुणी हटकलं तर वाद घालू नका, मागून येणाऱ्या कुत्रेवाल्यांना त्याचा त्रास होतो. तिची घाण वाटेपासून लांब खड्डा करून पुरा, छोटं खुरपं पुरतं. दोरी पूर्ण वेळ हातात, गुराखी आणि शेळ्या वर असतातच. खूप लांबणारी चाकाची दोरी आणू नका, कारवीत गुंततं सगळं. साधी दीड-दोन मीटरची बरी. गावातली कुत्री अंगावर आली तर तिला उचलू नका, मध्ये उभं राहून काठी जमिनीवर आपटा आणि चालत राहा.

इंदिरानगरकरीण :

कळलं. खुरपं आहे, साधी दोरी आहे. शेवटचं विचारते, ठाणगावच्या पुढे रस्ता वळणाचा आहे आणि तर्रीला गाडी लागते. निघायच्या आधी खायला घालू का?

जनावरांची_डॉक्टर :

निघायच्या तीन-चार तास आधी थोडंसं, नंतर फक्त पाणी. खिडकी चार बोटं उघडी. सिन्नर सोडलं की एकदा उतरवून पाच मिनिटं चालवा. उलटीची गोळी हवी असेल तर तिला नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या, माणसांची देऊ नका.