धावपट्टी वाढली म्हणून आकाश वाढत नाही
नवी मुंबई विमानतळामुळे उतरण्याची वाट पाहत मुंबईवर होणाऱ्या विमानांच्या घिरट्या आपोआप थांबतील, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला घाईचे वाटते. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील ०९/२७ आणि १४/३२ या क्रमांकांच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. शिवाय नवा विमानतळ इतका जवळ आहे की दोन्हींकडचे आगमन-निर्गमन मार्ग एकत्रितपणेच आखावे लागतात. असे मार्ग आधी द्रुतगती सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खऱ्या वेळेपेक्षा वेगाने चालणाऱ्या संगणकीय नकलेत तपासतात; तिथे अख्ख्या दिवसाचे वेळापत्रक अल्पावधीत चालवून विलंब, इंधनखर्च आणि विमानांमधील किमान अंतर कुठे मोडते, हे मोजता येते. मात्र हवाई वाहतूक नियंत्रकावरील ताण त्यात केवळ अंदाजानेच येतो (पावसाळी ढग चुकवू पाहणारा वैमानिक तर त्याहून कमी!), म्हणून मार्गांचे निवडक आराखडे प्रत्यक्ष नियंत्रकांना पडद्यासमोर बसवून, खऱ्या वेळेच्या गतीने पुन्हा तपासावे लागतात.